कुलदीप बोलत नाही

१

बॅग उघडली तेव्हा आत कॅमेरा नव्हता. राखाडी रंगाच्या तीन विटा होत्या, जुन्या दुपट्ट्यात गुंडाळलेल्या. त्या हलू नयेत म्हणून दुपट्ट्याच्या कडा फोमच्या खाचेत इतक्या निगुतीनं खोचल्या होत्या, की लियाकतला आधी त्या हाताचं कौतुक वाटलं आणि लगेच त्या कौतुकाची शिसारी आली.

जटपुरा गेटच्या आत, परकोटाची सावली दुपारी उशिरा जिथे कशीबशी पोचते, तिथे त्याचं दुकान होतं. एकतीस वर्षं तो कॅमेरे दुरुस्त करत होता. नागपूर सोडलं तर खाली सिरोंच्यापर्यंत या कामाला दुसरा हात नव्हता. यंत्रं त्याला आवडत. ती हाताळणारे हात आवडत नसत. बुरशी चढलेली भिंगं, चहा सांडलेली बटणं, लग्नाच्या अक्षता अडकलेली झाकणं समोर आली की तो मालकाकडे असं पाही, की मालक भाव करायचं विसरून जाई.

आता टेबलापलीकडे चौघं उभे होते. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात तासिकेवर मराठी शिकवणारी मयुरी; तिचा मावसभाऊ अजय, ज्याची जीप होती; भद्रावतीचा प्रफुल, लग्नांचं शूटिंग करणारा, लियाकतचं जुनं गिऱ्हाईक; आणि लटारू नावाचा किडकिडीत माणूस, जो कॅमेऱ्यासोबत मालकानं धाडला होता. या धंद्यात तशी रीत आहे. महागडं यंत्र भाड्यानं जातं तेव्हा त्याच्याबरोबर राखण करायला एक माणूस जातो. बॅगेच्या कुलपाची किल्ली लटारूच्या गळ्यात, काळ्या दोऱ्याला बांधलेली होती. कुलूप शाबूत होतं.

कॅमेऱ्याचा मालक मात्र आपण पाहिलाच नाही, असं चौघंही सांगत होते. मोबाइलवर जाहिरातींचा जो बाजार भरतो, जिथे जुना कूलर, वापरलेली स्कूटी आणि दुभती म्हैस एकाच पानावर गिऱ्हाइकाची वाट पाहत उभ्या असतात, तिथे कुलदीप नावाच्या कुणीतरी लिहिलं होतं: सिनेमाचा कॅमेरा, निम्म्या भाड्यात, चंद्रपूर-गडचिरोलीत कुठेही पोच. मयुरीनं अनामत पाठवली. कुलदीपनं बॅग एका खाजगी बसच्या पार्सलातून ब्रह्मपुरीला धाडली आणि अट घातली, की परत करताना ती चंद्रपुरात लियाकतच्या दुकानी उघडावी, त्यानं यंत्र तपासावं. लियाकतलाही तसा निरोप आला होता. तो हो म्हणाला होता. जी बाई बाजारात वांगं दाबून पाहिल्याशिवाय घेत नाही ती वर्षाची जमापुंजी एका नावाच्या हवाली करते, याचा त्याला तिटकारा होता. पण दुसऱ्याच्या मूर्खपणाची तपासणी करायला त्याची कधीच हरकत नसे.

मयुरी विटांकडे पाहत नव्हती. तिची नजर बॅगेतल्या रिकाम्या खाचेवर होती.

"कॅमेऱ्याचं पाहू, चाचा," ती म्हणाली. "कार्ड आत होतं."

कुरखेड्याच्या पुढे, जंगलात चिचटोला नावाचं गाव. तिथला मुखरू दंडारीत, तिकडच्या लोकनाट्यात, चाळीस वर्षं बाईचं सोंग घेऊन नाचला. त्याच्यासारखी नार झाडीपट्टीत दुसरी झाली नाही, असं तिकडची म्हातारी माणसं सांगत. मयुरीनं तीन दिवस त्याला नाचताना, गाताना टिपलं. चौथ्या दिवशी सकाळी मुखरू झोपेतून उठला नाही. आता त्याचा नाच जगात एकाच जागी उरला होता, नखाएवढ्या एका कार्डावर. त्याच्या बायकोला, मनकर्णाबाईला, मयुरीनं शब्द दिला होता की तेरवीला सगळं दाखवीन. कार्डाची दुसरी प्रत नव्हती. त्या जातीचं कार्ड वाचायचं यंत्र वेगळं असतं आणि ते कुलदीपकडे होतं. परत करताना देतो, तेव्हाच उतरवून घ्या, असं त्यानं कळवलं होतं.

मयुरीनं कुलदीपला विटांची बातमी कळवली. बाकीचे तिघंही आपापल्या फोनमध्ये तोंड घालून उभे होते; दहा मिनिटांनी दोन निरोप आले. तिला आलेला असा: दोन दिवसांत कॅमेरा, नाहीतर पूर्ण किंमत, नाहीतर पोलीस.

दुसरा लियाकतच्या फोनवर होता: बॅग तुमच्यासमोर उघडली, भाऊ. तुम्ही साक्षीला आहात.

लियाकतनं तो दोनदा वाचला. तेव्हा त्याला कळलं, की कॅमेऱ्याबरोबर त्याचा प्रामाणिकपणाही कुणीतरी भाड्यानं घेतला होता, आणि तो फुकट.

२

अजयनं तपास ताबडतोब संपवून टाकला. वीट उचलून, नखानं खरवडून तो म्हणाला, की ही औष्णिक वीज केंद्राच्या राखेची वीट आहे, झाडीत लाल विटा असतात. म्हणजे विटा आणणारा चंद्रपूर-भद्रावतीकडचा. बोलताना तो प्रफुलकडे न पाहता भिंतीकडे पाहत होता. प्रफुलनं शांतपणे विचारलं की किल्ली कोणाच्या गळ्यात आहे. लटारूनं मान खाली घातली.

"चिचटोल्याच्या शाळेबाजूले घरकुल चालू असन," लियाकत म्हणाला.

मयुरी म्हणाली, आहे.

"त्याच्या विटा कोण्या रंगाच्या?"

राखाडी, ती म्हणाली. सरकारी घरकुलं आता कोरचीपर्यंत याच विटांची होतात. अजयनं वीट खाली ठेवली. मालिका पाहून शिकलेलं पोलिसीपण इतक्या लवकर उतरताना पाहणं ही लियाकतच्या दिवसातली एकमेव सुखाची गोष्ट होती.

अदलाबदल कधी झाली हे कळणं कठीण नव्हतं. शेवटच्या संध्याकाळी लटारूनं सगळ्यांदेखत कॅमेरा बॅगेत ठेवून कुलूप घातलं. बॅग शाळेच्या खोलीत ठेवली. सकाळी मुखरू गेल्याचं कळलं आणि दुपारपर्यंत सगळं गाव नदीकाठी होतं. लटारू लाकडं वाहायला गेला, पण विस्तव विसरला म्हणून एकदा परत आला. अजय जीप घेऊन सामान आणायला कुरखेड्याला गेला, जाताना खोलीपाशी थांबला. प्रफुल ऊन लागलं म्हणून तासभर शाळेच्या पडवीत पडून होता. तिघंही एकेकटे बॅगेजवळ होते. प्रत्येकानं दुसऱ्या दोघांची वेळ मिनिटांत सांगितली आणि स्वतःची अंदाजानं.

म्हणजे तिकडे एक माणूस जळत होता, आणि त्याची राख होण्याच्या आत कुणीतरी त्याचा नाच बॅगेबाहेर काढत होतं. लियाकतनं आयुष्यात बरीच हलकी माणसं पाहिली होती. एवढ्या हलक्या माणसाला वजन यावं म्हणून तीन विटा लागणं त्याला स्वाभाविक वाटलं.

मग त्यानं जीपमधलं बाकीचं सामान टेबलावर मागवलं. दिव्याचा स्टँड, वायरींचं भेंडोळं, आणि कॅमेऱ्यासोबत आलेली, खोलीत बॅगेशेजारीच असलेली एक छोटी पिशवी; प्रफुलची लग्नाच्या शूटिंगची पेटी तेवढी येताना त्याच्या घरी उतरवली होती. पिशवीत चार्जर होता आणि दोन जादा बॅटऱ्या. त्या एकेक करून त्यानं उन्हात धरल्या, परत ठेवल्या.

"घरी जा सगळे," तो म्हणाला. "लटारू, तू थांब."

अजय आणि प्रफुल बाहेर पडल्यावर मयुरीनं मागे राहून विचारलं की चोर सापडेल का.

"चोरानं कॅमेरा नेला असता तर चार्जर सोडून गेला नसता. याच्याशिवाय ते यंत्र बाजारात कोणी घेत नाई. अन् कुलूप तोडल्याशिवाय उघडलं, म्हणजे दुसरी किल्ली होती. दुसरी किल्ली अन् दुसरा चार्जर कोणाजवळ असते, पोरी?"

उत्तर तिच्या चेहऱ्यावर सावकाश येत होतं.

"कॅमेरा चोरीले गेलाच नाई," लियाकत म्हणाला. "आपल्या घरी गेला."

३

लटारू वडशाच्या एका नाटक कंपनीत दिवे लावायचा. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीत नाटकं चालतात आणि मग कंपन्यांना कुलपं लागतात. बाकीचे महिने असे मिळेल ते काम. जाहिरात त्यानंही वाचली होती: कॅमेऱ्यासोबत राहायला माणूस पाहिजे, जेवण वेगळं. ओळखपत्राचा फोटो पाठव म्हटलं, पाठवला. पार्सल सोडवून घे म्हटलं, घेतलं. किल्ली पाकिटातून आली.

"मालकाले पाह्यलं?" लियाकतनं विचारलं.

"नाई."

"आवाज?"

"तेही नाई, भाऊ. फोन केला का कट करते. मंग लिहून धाडते."

त्याच्यासमोर चहाचा ग्लास होता आणि तो त्याला हात लावत नव्हता. आता कुलदीप सापडला नाही तर पोलीस कुणाचं ओळखपत्र हातात धरून येतील, हे त्याला नेमकं समजलं होतं. चौघांतला तो एकच माणूस घाबरण्याइतका शहाणा होता, असं लियाकतला वाटलं. त्यानं दुसराच प्रश्न विचारला. कॅमेऱ्याला काय दुखणं होतं?

लटारू चपापला. मग थांबत थांबत सांगू लागला. ब्रह्मपुरीच्या स्टँडवर पार्सल मिळालं तेव्हा त्याला राहवलं नाही. उभ्या जन्मात सिनेमाचा कॅमेरा हातात आला नव्हता. एका बाकड्यावर बसून त्यानं तो चालू केला. पडदा उजळला, आणि कॅमेरा जरा तिरपा करताच विझला. पुन्हा चालू, पुन्हा बंद. बॅटरी खाचेत सैल बसत होती. आपल्या हातून मोडला या भीतीनं त्यानं कुलदीपला लिहिलं. उत्तर त्याच्या फोनवर अजून होतं. लियाकतनं वाचलं: आधीचंच आहे. कोणाले सांगू नको. सांगशील तर काम जाईल.

"मंग कोणाले सांगतलं?"

"कोणालेच नाई. मयुरीताईले पण नाई. शूटिंगमदी बंद पडन म्हणून तीन रोज जीव मुठीत धरून बसलो. पण एक डाव पण बंद नाई पडला."

लियाकतनं मान वर केली.

"एकदाही नाही?"

"कसा काय चालला, देवाले माहीत."

सैल बॅटरी आपोआप घट्ट होत नाही. एकतीस वर्षांत लियाकतच्या टेबलावर असा चमत्कार झाला नव्हता, आणि चमत्कारांना तो मजुरी मागत असे.

४

रात्रीच्या जेवणाला नजमानं सगळी हकीकत ऐकून घेतली. ती त्याची बायको. दुकानातल्या गोष्टींत तिला रस नसे, माणसांच्या गोष्टींत असे. भाकरी मोडत ती म्हणाली, की तिची नणंद गेल्या वर्षी तीन महिने फक्त लिहून बोलत होती, फोन उचलत नव्हती.

"कारण तिचा आवाज ऐकला असता तर मले कळलं असतं ती रडून राह्यली का खोटं बोलून राह्यली. ओळखीचा आवाज असला का लपवा लागते. अनोळखी माणूस कायले लपवन?"

लियाकतनं तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं एका घरात राहून आपण हिला फक्त मीठ जास्त झालं तेवढंच सांगत आलो, हे त्याला जाणवलं. या कामाआधी लटारूचा आवाज मयुरीनं कधी ऐकला नव्हता. त्यानं फोनवर खुशाल कुलदीप होऊन बोलावं, तिला पत्ता लागला नसता. ज्याचा आवाज तिला पहिल्या शब्दाला कळला असता, अशी माणसं दोनच. मावसभाऊ आणि कॅमेरामन.

सकाळी त्यानं मयुरीला एकटीला बोलावलं आणि पहिल्या दिवशी कॅमेरा प्रथम चालू केला तेव्हा काय काय झालं ते विचारलं. ती म्हणाली, सांगण्यापेक्षा दाखवतेच. मुहूर्ताचा नारळ फोडला तो तिनं आपल्या मोबाइलवर टिपून ठेवला होता.

छोट्या पडद्यावर चिचटोल्याची सकाळ उमटली. मोहाची नवी पानं, शेणानं सारवलेलं आंगण, कडेला तेंदूच्या पानांचे पुडे वाळत पडलेले. मुखरू अर्ध्या रंगात, लुगडं नेसून, कंबरेवर हात ठेवून उभा. मयुरीनं पडदा पुसल्यासारखं केलं. नारळ फुटला. लटारूनं कुलूप उघडून कॅमेरा बाहेर काढला आणि दोन हातांत बाळासारखा पुढे धरला. प्रफुलनं घेतला. मग प्रफुल वाकला, वाळत पडलेलं एक तेंदूचं पान उचललं, त्याच्या चार घड्या केल्या, ते बॅटरीच्या मागे सरकवलं, अंगठ्यानं दाबलं. आणि त्यानंतर बटण दाबलं.

"किती काळजी घेतात प्रफुलभाऊ," मयुरी म्हणाली. "मी तेव्हाच म्हटलं अजयला."

लियाकतनं तो तुकडा तीनदा पाहिला. चौथ्यांदा पाहायची गरज नव्हती, तरी पाहिला. एका अडाणी पानाची ती घडी त्याला चोरीपेक्षा जास्त बोचली. ज्याला इतकं नीट हात चालवता येतो, त्यानं असं क्षुद्र व्हावं, ही त्याला निसर्गाची उधळपट्टी वाटली.

"प्रफुलले बोलाव," तो म्हणाला. "सांग, कॅमेरा सापडला."

५

प्रफुल तासाभरात आला, कॅमेरा सापडल्याच्या आनंदाची तयारी चेहऱ्यावर करून. अजय आणि लटारू आधीच बसले होते. लियाकतनं मोबाइल त्याच्यासमोर धरला. नारळ, पान, चार घड्या, अंगठा, बटण.

"हे पान काऊन लावलं?"

प्रफुल हसला. "बॅटरी ढिली होती न चाचा. आपला एवढा अनुभव."

"ढिली आहे हे कोणं सांगतलं?"

"लटारूनं सांगतलं असन."

"मी नाई सांगतलं," लटारू म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच सरळ होता. "मी फक्त कुलदीपले सांगतलं."

प्रफुलनं एक-दोन वाटा चाचपल्या. म्हणाला, सगळ्याच जुन्या यंत्रांच्या बॅटऱ्या ढिल्या असतात. लियाकतनं कपाटातून त्याचाच गेल्या आठवड्यात दुरुस्तीला आलेला कॅमेरा काढून ठेवला आणि यात पान कुठे आहे ते विचारलं. मग प्रफुल म्हणाला, हातात घेताच खुळखुळ कळली. लियाकत म्हणाला, पान उचललं तेव्हा बॅटरी हललीही नव्हती, पुन्हा बघ. दुखणं दिसायच्या आधी औषध देणारा एकच असतो, ज्यानं ते दुखणं घरात सांभाळलेलं असतं. फोनवर तोंड न उघडणारा, दुसरी किल्ली बाळगणारा, चार्जरची गरज नसणारा, आणि मसणवटीच्या दिवशी पडवीत ऊन लागून पडलेला, असा मनुष्य एकच. लग्नाच्या शूटिंगच्या आपल्या पेटीत त्यानं कॅमेरा घातला. ती पेटी उघडून पाहायचं कुणाच्या मनात कसं येईल?

"कॅमेरामन म्हणून मजुरी घेतली," मयुरी हळूच म्हणाली, "आणि भाडंही?"

"अनामत धरून," अजय म्हणाला आणि उठला. लियाकतनं त्याला बोटानंच खाली बसवलं.

प्रफुलच्या चेहऱ्यावर अपराध नव्हता. जो उरला होता तो वैताग होता, गिऱ्हाईक निसटल्याचा. मग त्यानं सांगितलं. दिवाळीत तोही असाच जाहिरात वाचून हैदराबादच्या एका माणसाकडून हा कॅमेरा घेऊन आला होता. घरी आल्यावर कळलं, बॅटरीची खाच झिजलेली आहे. त्या माणसाचा नंबर बंद.

"दोन स्क्रू अन् एक पत्ती," लियाकत म्हणाला. "अर्ध्या तासाचं काम होतं. मायाकडे काऊन नाई आणला?"

"तुमच्याकडे?" प्रफुल पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत पाहून बोलला. "तुम्ही दुरुस्त केला असता, चाचा. अन् चार लोकांसमोर मायी अक्कल काढली असती. वर्षभर सांगत बसले असते."

ते खरं होतं. लियाकतनं टेबलावरचा एक स्क्रू उचलून डबीत टाकला, पुन्हा काढला, पुन्हा टाकला. फसवला गेलेला माणूस लाजेपोटी गप्प बसतो आणि गप्प बसल्या बसल्या तीच विद्या शिकतो. आणि ती लाज पुरवणाऱ्यांत आपलंही दुकान आहे, हा विचार त्याला आवडला नाही. म्हणून त्यानं तो तिथेच ठेवला आणि कामाचं बोलला.

"सिरोंच्यापासून इथपर्यंत तुया एकाही यंत्राले आता कोणी हात लावणार नाई. मी सांगतलं का नाई लावणार. कार्ड कुठी आहे?"

प्रफुल पायाच्या अंगठ्याकडे पाहू लागला.

"कॅमेऱ्यात."

"अन् कॅमेरा?"

"लग्नात आहे. भद्रावतीले. बारा सत्तावनचा मुहूर्त."

मयुरीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेबारा झाले होते.

"कार्ड दुसरं घातलं असेल," ती म्हणाली. "घातलं ना, प्रफुलभाऊ?"

अजयनं जीपची किल्ली उचलली.

६

जीप भद्रावतीकडे निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कोळशाच्या धुळीनं काळवंडलेली झाडं सरकत राहिली. मयुरीनं वाटेत एकदाच विचारलं, की कार्डात काय होतं ते प्रफुलला ठाऊक नव्हतं का.

प्रफुल बाहेर पाहत म्हणाला, "होतं काय, ताई. म्हातारा तर होता."

त्यानंतर ती प्रवासभर त्याच्याकडे वळली नाही. लियाकतनं मात्र त्याच्याकडे नीट पाहिलं. तीन दिवस याच डोळ्यानं मुखरूला पाहिलं होतं, इतक्या जवळून की रंगाखालची सुरकुती दिसावी. डोळा यंत्राला लावून बसलेल्या माणसाला काहीच दिसत नाही, हे त्याला आजवर फक्त भिंगांच्या बाबतीत ठाऊक होतं.

मंगल कार्यालयात मंगलाष्टकं सुरू झाली होती. स्टेजसमोर तीन पायांच्या तिकाटण्यावर कॅमेरा उभा, मागे चार घड्यांचं पान दिसत होतं, आणि त्यामागे डोळ्यावर गॉगल चढवलेला प्रफुलचा साळा च्युइंगम चघळत होता. त्याचं नाव कुलदीप. नाव खरं होतं, सिमकार्डही त्याचंच होतं. बाकी कशाचा त्याला पत्ता नव्हता. भाटव्यानं, म्हणजे प्रफुलनं, काल संध्याकाळी कॅमेरा दिला, कार्ड भरलेलं होतं, म्हणून सकाळी साफ केलं. लग्नाआधी कार्ड साफ करायचं असतं. तसं तर सगळेच करतात.

लाल ठिपका लुकलुकत होता. कार्ड साफ केलं तरी जुनं लगेच जात नाही. त्यावर नवं चढतं तेव्हा जातं, पहिल्यापासून, सावकाश. सकाळपासून हळद, फराळ, वरात चढत आली होती. प्रत्येक अक्षतेबरोबर चिचटोल्याचं आंगण थोडं थोडं पुसलं जात होतं.

लियाकतनं पुढे होऊन बटण दाबलं. ठिपका विझला. त्यानं कार्ड काढून मयुरीच्या हातात दिलं. तिनं मूठ मिटली.

वधूपिता धावत आला. मुलीचं लग्न एकदाच होतं, असं तो म्हणाला. लियाकतनं खिशातून स्वतःचं, त्याच जातीचं एक कार्ड काढलं, कॅमेऱ्यात घातलं, पुन्हा बटण दाबलं आणि कुलदीपला सांगितलं की पान पडू देऊ नको. सकाळचं जे या कार्डावर आहे ते तुम्हाला आणून देईन, असं त्यानं वधूपित्याला सांगितलं, आणि त्या माणसाला प्रफुलच्या हवाली करून तो निघाला. काय चूक झाली ते गिऱ्हाइकाला समजावून सांगायची वेळ प्रफुलवर पहिल्यांदाच येत होती.

मयुरीनं त्याच दिवशी तक्रार दिली. ठाण्यात तिला आधी विचारलं गेलं, की अनोळखी माणसाला पैसे पाठवलेच कशाला. तिच्यासोबत बसलेल्या लियाकतला आठवलं, की कालपर्यंत हाच प्रश्न त्याचा होता. परक्या तोंडून तो फार गचाळ वाटला.

७

प्रफुलकडचं वाचायचं यंत्र लावून कार्डावरून जे परत आलं ते सव्वीस मिनिटांचं होतं. तीन दिवसांचा नाच, गाणी, रंग चढवतानाचं बोलणं, सगळं हळदीखाली गेलं होतं. उरलं ते शेवटच्या संध्याकाळचं, शूटिंग संपल्यानंतरचं. प्रफुल कॅमेरा बंद करायलाच विसरला होता. त्याच्या हलगर्जीपणाचे आभार मानावे लागतील, या कल्पनेनं लियाकत दोन दिवस चिडलेला होता.

तेरवीला चिचटोल्यात आंगणात मांडव होता. जेवणं उरकली, माणसं हात धुऊन बसली. मयुरीनं मनकर्णाबाईच्या पायाशी बसून सांगितलं, की नाच गेला, तिचा शब्द राहिला नाही. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले होते. तिनं मयुरीच्या आवाजाच्या दिशेनं मान हलवली, एवढंच.

लियाकतनं पडद्याची वायर जोडली. मुखरू दिसला. लुगडं अजून अंगावर, अर्धा चेहरा पुसलेला, अर्धा नारीचा. बाजेवर बसून तो घुंगरू सोडत होता आणि कुणावर तरी करवादत होता. रंगानं तोंड खाजते. फोटोवाल्याले काई समजत नाई, उन्हातच उभा करते. पाय पाहा कसे सुजले. मांडवात कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. नाच नव्हता, गाणं नव्हतं. एक थकलेला, कुरकुरा म्हातारा होता.

मग मुखरूनं चौकटीबाहेर, घराच्या दाराकडे मान वळवली.

"मनकर्णे. चहा कुठी मेला?"

"ठेवला न," मनकर्णाबाई म्हणाली, अंगवळणी पडलेल्या त्याच तिरसट स्वरात. "बोंबलून काहाले राह्यला?"

आणि तिचा हात जमीन चाचपत उठायचा टेकू शोधू लागला. शेजारची बाई तिला धरायला सरकली. मांडवातलं हसू थांबलं होतं. पडद्यावर मुखरू पुन्हा घुंगरांशी झटापट करत होता.

म्हातारी अर्धवट उठलेली तशीच थांबली. मग खाली बसली, पदर सारखा केला.

"नाच तर गावानं पाह्यला चाळीस वर्ष," ती म्हणाली. "मायाकडे हाच येत होता."

मयुरीचं तोंड म्हातारीच्या गुडघ्यावर टेकलेलं होतं. म्हातारीनं तिच्या केसांत हात घातला आणि मशीनवाल्याकडे, म्हणजे जिकडे वायरीची खुडबुड ऐकू येत होती तिकडे, तोंड केलं.

"भाऊ, ते चहाचं अजून एक डाव लाव."

लियाकतनं मागे नेऊन लावलं.